कुडाचे घर : वारसामूल्याच्या निकषांची एक समीक्षा

एखाद्या कुटुंबाच्या राहत्या घरास वारसामूल्य असू शकते, ही कल्पना आता आपल्याकडे रूढ झाली आहे. वाडा, गढी, देशमुखांचे चौसोपी घर, कोकणातले खोताचे घर यांच्याविषयी या अंगाने पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु हे मूल्य ठरविताना आपण जे निकष हाती घेतो, ते कोठून आले, ते कोणत्या घरास लागू पडतात आणि कोणत्या घरास मुळातच बाहेर ठेवतात, याची चिकित्सा फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात ती एका विशिष्ट घराच्या संदर्भात करावयाची आहे. ते घर म्हणजे पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांतले कुडाचे घर होय. येथे विवेचनासाठी वांगणी हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. (बदलापूर आणि नेरळ यांच्या मधले रेल्वे स्थानक ते हे नव्हे, जव्हारच्या डोंगरातले वावर-वांगणी.)

जव्हारचे नाव निघाले म्हणजे जिज्ञासू प्रवासी जयविलास राजवाड्याकडे वळतो. मुकणे संस्थानिकांनी विसाव्या शतकात बांधलेला तो दगडी प्रासाद निःसंशय प्रेक्षणीय आहे. संस्थान १९४८ साली विलीन झाले, राजवाडा राहिला, आणि परिसराचा ‘वारसा’ म्हणून त्याकडेच बोट दाखविले जाऊ लागले. ज्या दोन तालुक्यांत लोकवस्तीपैकी सुमारे नव्वद टक्के लोक वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींचे आहेत, तेथील वास्तुपरंपरेचा प्रतिनिधी म्हणून एकच राजवाडा उभा करणे हे मोठे विलक्षण आहे. राजवाड्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्या सभोवार हजारोंच्या संख्येने उभी राहिलेली, आणि आता झपाट्याने नाहीशी होणारी घरे या हिशेबात का येत नाहीत.

वांगणीचा उल्लेख करताना दुसरी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. या गावाचे नाव महाराष्ट्रास ठाऊक झाले ते १९९२-९३ साली तेथील बालकांच्या कुपोषणजन्य मृत्यूंमुळे. तेव्हापासून शासनाच्या, वृत्तपत्रांच्या आणि समाजसेवकांच्या लेखी वांगणी म्हणजे अभावाचे गाव. अशा गावातल्या घरांच्या वारसामूल्याची चर्चा करणे हे कोणास क्रौर्य वाटेल, कोणास निदान चैन वाटेल. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याकडे पुढे वळावयाचेच आहे. परंतु एक विचारून ठेवावेसे वाटते : जेथे काय नाही याचीच यादी सतत केली जाते, तेथे काय आहे हे पाहण्याची सवय मोडते की नाही?

ही सवय मोडण्यास एका शब्दाचा मोठाच हातभार लागला आहे. तो शब्द म्हणजे ‘कच्चे’. घरकुलांच्या याद्यांपासून वर्तमानपत्रांतल्या बातम्यांपर्यंत कुडाच्या घराचे वर्णन ‘कच्चे घर’ असे होते, आणि त्याचा प्रतियोगी ‘पक्के घर’. जनगणनेची परिभाषा थोडी निराळी आहे. तिच्यात भिंत आणि छप्पर यांचे साहित्य वारंवार बदलावे लागणारे असेल तर घर ‘तात्पुरते’ ठरते. गवत, बांबू, माती ही त्यातली मुख्य द्रव्ये. उलट पत्र्याची भिंत ‘कायम’ स्वरूपाची गणली जाते. मराठीत ‘कच्चा’ हे विशेषण लावले, की वस्तू अपूर्ण ठरते आणि पूर्णतेच्या वाटेवर असते. कच्चा आंबा पिकावयाचा असतो, कच्चा माल घडावयाचा असतो, कच्चा खर्डा पक्का व्हावयाचा असतो, कच्चा विद्यार्थी तयार व्हावयाचा असतो. खेळातल्या कच्च्या लिंबालासुद्धा मोठे झाल्यावर पुरता गडी म्हणून घेतात. कुडाचे घर मात्र अशा कोणत्याही वाटेवर नाही. ते पिकून सिमेंटचे होत नाही. ते ज्या दिवशी उभे राहते त्या दिवशी पूर्ण असते. त्याला ‘कच्चे’ म्हणणे म्हणजे एका पूर्ण वस्तूस दुसऱ्या वस्तूची अपुरी प्रत ठरविणे होय. भाषेच्या अभ्यासकाने या विशेषणावर प्रथम बोट ठेवले पाहिजे. कारण यादीत हे विशेषण पडले की पुढचा सारा विचार आपोआप एकाच दिशेने वाहू लागतो.

आता प्रत्यक्ष घर पाहू. जमिनीत मेढी रोवलेल्या असतात. मेढ म्हणजे वरच्या टोकाला दुबेळके असलेला खांब. मोल्सवर्थने आपल्या कोशात हा अर्थ नोंदविला आहे. या दुबेळक्यात आडवे लाकूड बसते, म्हणून तेथे खिळा लागत नाही. झाडाच्या फांदीने स्वतःच सांधा तयार करून ठेवलेला असतो. मधल्या उंच मेढींवर आढे, आढ्यापासून दोन्ही पाख्यांवर उतरणारे वासे, वाशांवर आडव्या बांबूंच्या कामट्या, त्यावर गवत किंवा भाताचा पेंढा. पुढच्या काळात बऱ्याच ठिकाणी कौले. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड. कारवी ही सह्याद्रीच्या उतारांवर दाट रानाने वाढणारी झुडुपवजा वनस्पती. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून वाळून जाते. तिच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून आडव्या पट्ट्यांनी आवळतात, आणि मग माती व शेण यांनी तो कूड लिंपतात. आतल्या भिंतीवर गेरूचा हात दिला जातो. लग्नाच्या वेळी तिच्यावर तांदळाच्या पिठाने सवासिणी चौक लिहितात. आत चूल, उखळ, धान्याची कणगी, वर माळा, एका अंगाला गुरे. पुढे ओटी किंवा पडवी. खिडक्या जवळजवळ नाहीतच. कुडाच्या फटींतून वारा येतो आणि धूर जातो.

या वर्णनातला ‘कूड’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतातील ‘कुड्य’ म्हणजे भिंत. त्याच्याशी याचे नाते उघड आहे. प्रमाण मराठीत ‘भिंत’ या शब्दाने सगळी जागा व्यापली आणि ‘कूड’ हा काठ्यांच्या भिंतीपुरता उरला. अर्थसंकोचाचे हे नेहमीचे उदाहरण झाले. परंतु जो शब्द एके काळी भिंतीस सामान्यतः लावता येत होता, तोच पुढे गरिबाच्या भिंतीपुरता आकसला, यात एक सामाजिक इतिहासही साठलेला आहे.

येथपर्यंतच्या वर्णनावरून कोणी म्हणेल, की हे सारे रम्य आहे, पण यात वारसामूल्य कोणत्या निकषाने मोजावयाचे? त्यासाठी थोडे लांब, अमेरिकेत, जावे लागेल. कारण राहत्या घराच्या कारागिरीस मूल्य देण्याचा विचार ज्या चळवळीने आधुनिक काळात सर्वांत ठळकपणे मांडला, तिचे एक प्रकरण तेथे घडले, आणि त्याचा धागा योगायोगाने आपल्याच भाषांपर्यंत पोचतो.

इंग्लंडात रस्किन व विल्यम मॉरिस यांनी यंत्राच्या उत्पादनाविरुद्ध हस्तकौशल्याची बाजू घेतली. मॉरिससाठी फिलिप वेबने बांधलेले ‘रेड हाउस’ १८६० साली पुरे झाले. या विचारसरणीचा वारा मुंबईसही लागला होता. १८६५ पासून दहा वर्षे सर जे. जे. कलाशाळेत शिकविणारे लॉकवुड किपलिंग त्याच गोत्रातले. पुढे आनंद कुमारस्वामींनी ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ हे पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध केले तेव्हा त्यास प्रस्तावना लिहिली ती ॲशबी या इंग्रज कारागीर-वास्तुकाराने. अमेरिकेत गुस्टाव्ह स्टिक्ली या फर्निचर बनविणाऱ्या गृहस्थाने १९०१ च्या ऑक्टोबरात ‘द क्राफ्ट्समन’ नावाचे मासिक काढले. पहिला अंक मॉरिसवर, दुसरा रस्किनवर. हे मासिक १९१६ पर्यंत चालले. त्यातून घरांचे आराखडे प्रसिद्ध होत, आणि त्यावरून या घरांच्या शैलीस ‘क्राफ्ट्समन’ हे नाव पडले. पसरट उतरते छप्पर, बाहेर झुकलेली रुंद वळचण, दर्शनी पडवी, न रंगविलेले लाकूड, आणि मुख्य म्हणजे न लपविलेला सांगाडा ही तिची लक्षणे. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे चार्ल्स व हेन्‍री ग्रीन या बंधूंनी १९०८ साली गॅम्बल कुटुंबासाठी बांधलेले घर हा या शैलीचा परमोत्कर्ष मानतात. त्याच्या तुळयांची टोके मुद्दाम भिंतीबाहेर काढलेली आहेत. लाकडाचे सांधे दिसावेत म्हणूनच घडविलेले आहेत. आणि आतल्या दालनात साग वापरला आहे. १९६६ साली ते घर शहराच्या स्वाधीन झाले, १९७७ साली त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. त्याच शहरात, याच पद्धतीची साधी मध्यमवर्गीय घरे असलेला एक सबंध मोहल्ला १९८९ पासून संरक्षित आहे. म्हणजे श्रीमंताचे उत्कृष्ट घर तेवढे नव्हे, तर सामान्य कुटुंबांच्या घरांचा समूहही वारसा ठरू शकतो, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

या छोट्या घरांना तेथे म्हणतात ‘बंगलो’. हा शब्द सतराव्या शतकात हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला. बंगालच्या धर्तीचे घर, म्हणजे शेतकऱ्याची गवताने शाकारलेली बैठी झोपडी, हा त्याचा मूळ अर्थ. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या झोपडीस ओसरी जोडून आपले निवासस्थान केले, शब्द विलायतेस गेला, तेथून कॅलिफोर्नियास पोचला. ॲन्थनी किंग यांनी या प्रवासावर १९८४ साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. इकडे मराठीत ‘बंगला’ या शब्दाचे काय झाले? तो ‘झोपडी’चा विरुद्धार्थी शब्द झाला! ज्या घराच्या नावाने पासाडेनात वारसा जपला जातो, ते घर मुळात कुडाच्या घराचे भावंड. आणि आपल्या भाषेत त्याच नावाने आपण कुडाच्या घरास खाली बसवितो. अर्थांतराच्या इतिहासात याहून उपरोधिक उदाहरणे थोडीच सापडतील.

साम्य ओढूनताणून दाखविण्यात अर्थ नाही. पासाडेनाच्या सुताराने सांगाडा उघडा ठेवला तो एका तत्त्वासाठी. वांगणीच्या माणसाने तो उघडा ठेवला कारण झाकावयास काही नव्हते. एकाचा साधेपणा निवडलेला, दुसऱ्याचा प्राप्त झालेला. गरजेस तत्त्वाचे नाव देणे ही रस्किनपंथीयांची जुनी खोड आहे आणि आपल्याकडील ग्रामजीवनाच्या भक्तांनाही ती जडलेली आहे. पण उलट बाजूही पाहावी. क्राफ्ट्समन शैलीचा जो मूळ दावा होता, की घर हे कारागिराच्या हातचे असावे, तो तेथेच लवकर फसला. १९०८ पासून सिअर्स या टपालव्यापारी कंपनीच्या यादीतून घरे विकली जाऊ लागली, आणि या शैलीची घरेही मोजून कापलेल्या लाकडांच्या गठ्ठ्यांनी आगगाडीतून येऊ लागली. स्वतः स्टिक्लीचे १९१५ साली दिवाळे वाजले. घराचा मालक आणि घराचा कारागीर एकच असावा, ही गोष्ट त्या चळवळीत बहुतांशी मासिकाच्या पानांवरच राहिली. कुडाच्या घरात मात्र ती गृहीत धरलेली आहे. ज्याचे घर, तो, त्याचे भाऊबंद आणि पाड्यावरची माणसे हेच त्याचे कारागीर. भिंत लिंपणारी स्त्री त्याच घरातली. म्हणून, ज्या गुणांसाठी पासाडेनाची घरे वंद्य ठरली, त्यांपैकी सांगाड्याची स्पष्टता, स्थानिक द्रव्य आणि हाताची खूण हे तीन गुण मोजले तर कुडाचे घर उणे पडत नाही. ते पडते एका चौथ्या निकषावर, आणि तो निकष म्हणजे वय.

आपल्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार वास्तू निदान शंभर वर्षांची हवी. अमेरिकेत सामान्यतः पन्नास. मुंबईच्या १९९५ च्या वारसा-नियमांत वर्षांची अट तशी ताठर नाही, परंतु तेथेही जपावयाची असते ती उभी असलेली इमारत, म्हणजे अमुक दगड आणि अमुक लाकूड. कुडाच्या घराचे गवत एक-दोन पावसाळ्यांत बदलते, कूड काही वर्षांनी नवा होतो, मेढीला वाळवी लागली की तीही बदलते. शंभर वर्षांचे कुडाचे घर असूच शकत नाही. शंभर वर्षे सतत नवे होत आलेले कुडाचे घर मात्र असू शकते. अशा घरास प्राचीन म्हणावे की अर्वाचीन? जपानमधील इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी जुन्याच्या शेजारी नव्याने बांधतात. २०१३ साली ही पुनर्रचना बासष्टाव्या वेळी झाली. तेथले लाकूड नवे असते, पण सुताराची विद्या हजाराहून अधिक वर्षांची. १९९४ साली नारा येथे भरलेल्या परिषदेने वास्तूचा अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात ठरवावा असे मान्य केले, त्याच्या मागे अशाच परंपरांचा विचार होता. आपल्याकडे ‘इंटॅक’ या संस्थेने २००४ साली जी सनद तयार केली तिच्यातही पारंपरिक कारागिरांच्या जिवंत विद्येस संरक्षणयोग्य मानलेले आहे. तत्त्व म्हणून ही वाट मोकळी झालेली आहे. देवालयापाशी आणि वाड्यापाशी ती थांबते, पाड्यापर्यंत येत नाही, एवढेच.

येथे वारली चित्रकलेचा अनुभव बोधप्रद ठरतो. १९७० नंतरच्या काही वर्षांत ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा श्रेष्ठ कलावंत त्यातून जगापुढे आला. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पुढे या चित्रशैलीस भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही लाभले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु मूळ चित्र हे भिंतीचे होते. लग्न संपले, शेणामातीचा नवा हात फिरला, की ते जात असे, आणि पुढच्या लग्नात पुन्हा येत असे. सवासिणींच्या हातची ती क्रिया पुरुषांच्या हातच्या वस्तूत रूपांतरित झाली, कारण वस्तूस किंमत लावता येते, चौकटीत बसविता येते, दिल्लीस नेता येते. चित्रास वारसा म्हणून मान्यता मिळाली. ज्या भिंतीने ते चित्र शक्य केले ती ‘कच्ची’ म्हणून यादीतच राहिली. आज पांढऱ्या वारली आकृती विमानतळांच्या आणि उपाहारगृहांच्या सिमेंटच्या भिंतींवर दिसतात. त्या पाहताना गेरूचा तो रंग कशाचा उरलेला अंश आहे, याची आठवण कोणास होत असेल असे वाटत नाही.

मग कुडाच्या घराचा वारसा नेमका कशात आहे? माझे उत्तर असे, की तो त्याच्या क्रियापदांत आहे. हे विधान अलंकारिक समजू नये. घराविषयीची मराठी क्रियापदे पाहावी : मेढ रोवणे, कूड आवळणे, भिंत लिंपणे, भुई चोपणे, सारवणे, छप्पर शाकारणे. लिंपणे आणि सारवणे यांतला भेद आज शहरी विद्यार्थ्यास सांगावा लागतो. पहिली क्रिया उभ्या पृष्ठावरची आणि भर घालणारी, दुसरी आडव्या भुईवरची आणि नित्याची. या सर्वांवर असलेले व्यापक क्रियापद म्हणजे ‘बांधणे’. मराठीत घर ‘बांधतात’. ज्या क्रियापदाने आपण दोरी बांधतो, गाठ बांधतो, त्यानेच घर बांधतो. चिऱ्यांच्या वाड्याच्या बाबतीत हा प्रयोग लाक्षणिक आहे. कुडाच्या घराच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे, कारण तेथे वासा आढ्याला आणि कूड मेढीला खरोखरच बांधलेला असतो. संस्कृतातही सेतू ‘बांधला’ जातो, तेव्हा हा अर्थविस्तार फार जुना आहे, आणि तो कुडाच्या घरापासूनच सुरू झाला असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु त्या क्रियापदाचा मूळ अर्थ अजून जेथे डोळ्यांना दिसतो, असे हे जवळजवळ शेवटचे घर आहे.

नव्या घराविषयी बोलताना काय होते? स्लॅब, कॉलम, बीम, ग्रिल, पत्रा हे शब्द येतात. या नामांबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. ‘दरवाजा’ आणि ‘कमान’ फारसीतून आले, गोव्याकडे ‘जनेल’ पोर्तुगीजातून आले, आणि मराठी घर त्यांनी बाटले नाही. नामे येतात, जातात. खरा बदल क्रियापदांत आहे. स्लॅब ‘टाकतात’, किंवा अधिक वेळा ‘टाकून घेतात’; घर ‘बांधत’ नाहीत, ‘बांधून घेतात’. ‘घेणे’ या सहाय्यक क्रियापदाने कर्ता बाहेर काढला आहे. घरात राहणारा माणूस आपल्याच घराच्या वाक्यात कारागीर उरला नाही, तो गिऱ्हाईक झाला. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वारली ही कोकणातल्या मराठीची एक बोली म्हणून नोंदविली आहे. त्या सर्वेक्षणात सर्व बोलींना विचारलेल्या ठराविक वाक्यांत, बाप लहानशा घरात राहतो अशा अर्थाचे एक वाक्य आहे. त्या लहानशा घराच्या भागांची आणि कामांची नावे मात्र कोणी विचारली नाहीत. आणि गंमत अशी, की याच ग्रिअर्सनने वीस वर्षांपूर्वी, १८८५ साली, बिहारच्या शेतकऱ्याच्या घराचे सर्व अवयव नावांसह एका ग्रंथात टिपून ठेवले होते. तेव्हा असे काम कसे करावे हे माहीत नव्हते, असे म्हणता येत नाही. मराठीच्या वाट्याला ते आले नाही.

प्रमाण मराठीही या घरापासून वाटते तितकी दूर नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्या कृतघ्नाची आपण निंदा करतो. पण वासे मोजता यावयास वर छत नसले पाहिजे, उताणे पडले की छपराचा सांगाडा दिसला पाहिजे. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, कारण ते आढ्याला बांधलेले असतात. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, हे ज्याने दोन पाख्यांचे छप्पर पाहिले आहे त्यास समजावून सांगावे लागत नाही. आणि महाराष्ट्रातल्या एकूण एक शिक्षणसंस्थांच्या स्मरणिकांत ‘मुहूर्तमेढ’ रोवलेली असते! ती मेढ म्हणजे काय, हे त्या स्मरणिका लिहिणाऱ्यांपैकी कितींना सांगता येईल? स्लॅबला आढे नाही, वासे नाहीत, वळचण नाही. हे वाक्प्रचार पुढेही चालतील, पण अर्थ हरवलेल्या नाण्यांसारखे चालतील.

आता त्या आक्षेपाकडे. कुडाच्या घरात पाऊस गळतो, धूर कोंडतो, साप-विंचू येतात, वणवा किंवा चुलीतली ठिणगी एका दुपारी सर्व नष्ट करते. लिंपण्या-सारवण्याचे काम बायकांच्या अंगावर पडते आणि ते कधी संपत नाही. ज्या गावाने मुलांचे मृत्यू पाहिले, त्या गावातल्या आईला कोरडी भुई आणि न गळणारे छप्पर हवे असेल, तर तिला वारसा शिकविण्याचा अधिकार विद्यापीठात बसलेल्या कोणासही नाही. पक्के घर मागणारे कुटुंब अज्ञानी नसते, ते हिशेबी असते. हे मान्य करूनच पुढे बोलता येते. १९८५ पासून इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना यांनी पुष्कळांना निवारा दिला. दुसऱ्या योजनेत घराचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर ठरविले आहे. तेवढ्या क्षेत्रात कणगी, उखळ आणि गुरे कोठे जावयाची, याचे उत्तर बहुधा त्याच घराच्या मागे काढलेल्या कुडाच्या पडवीत सापडते. म्हणजे पक्के घर पुढे आणि कुडाचे घर मागे, अशी तडजोड लोकांनी आपणच केली. या तडजोडीत मला केवळ दारिद्र्य दिसत नाही. घर कसे असावे याविषयीचा एक निश्चित अभिप्राय त्यात दिसतो. खुद्द केंद्र शासनाने दिल्लीच्या आयआयटीच्या साहाय्याने ‘पहल’ या नावाचा ग्रामीण घरप्रकारांचा एक संग्रह तयार करविला. प्रकृती, हुनर आणि लोकविद्या या तीन शब्दांवरून ते नाव बनविले आहे. शासनास ही गोष्ट कळत नाही असे नाही. कळलेली गोष्ट यादीतल्या ‘कच्चे’ या रकान्यापर्यंत पोचत नाही.

याहून अवघड बाब जंगलाची आहे. कुडाचे घर पुन्हा पुन्हा नवे करावयाचे तर पुन्हा पुन्हा रानात जाता आले पाहिजे. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी राखीव रानांत ते दुरापास्त केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. त्याच्या व्याख्येत बांबू, वेत, झाडोरा आहेत, इमारती लाकूड नाही. परिणामी कायद्याच्या दृष्टीने कूड हक्काचा आणि मेढ गुन्ह्याची, अशी स्थिती संभवते. ज्या सागाने पासाडेनाच्या दालनास शोभा आणली त्याच जातीचे झाड परड्यामागच्या डोंगरावर उभे असते आणि त्यातली एक मेढ काढणे ही फिर्यादीची गोष्ट होते. भोपाळच्या मानव संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या आदिवासी घरांचे नमुने उभे आहेत, आणि ते पाहण्यासारखे आहेत. परंतु मेढीचा हक्क नाकारून मेढीचा नमुना जपणे याला वारसा-संरक्षण म्हणता येणार नाही. ‘वारसा’ हा शब्द मूळ अरबी ‘वारिस’ या शब्दाशी बांधलेला आहे. त्यात वारस आधी येतो, वस्तू मागून. इंग्रजी संज्ञेचे भाषांतर म्हणून आपण तो वापरू लागलो तेव्हा वारस गळाला आणि इमारत उरली. कुडाच्या घराचे वारस हयात आहेत, आणि रानावरचा हक्क हा त्यांच्या वारशाचाच भाग आहे.

आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांपुरते बोलावयाचे तर एक काम हाताशी आहे, आणि ते कोणत्याही शासकीय निर्णयाची वाट न पाहता करता येईल. जव्हार-मोखाड्यातील वारली, कोकणा, ठाकूर आणि कातकरी यांच्या बोलींतली घराची शब्दसंपत्ती टिपून घेणे हे ते काम. मात्र ती ‘याला काय म्हणता?’ असे विचारून टिपू नये. तशाने नामांची यादी मिळते आणि क्रियापदे सुटतात. शिवाय पाहुण्याशी बोलताना माणूस प्रमाण भाषेतला शब्द देतो. काम चालू असताना शेजारी उभे राहावे, हाताला हात लावावा आणि कामकरी एकमेकांना ज्या सूचना देतात त्या ऐकाव्या. आज्ञार्थी रूपे प्रथम मिळतील, त्यांवरून धातू. लिंपणाच्या वेळी स्त्रियांचे बोलणे स्वतंत्रपणे नोंदवावे, कारण त्या कामाची परिभाषा पुरुषांना बहुधा येत नाही. कोणत्या लाकडास कोणत्या जागी नकार दिला जातो आणि तो कोणत्या शब्दांत, हेही पाहावे. नोंदीची एक प्रत त्या पाड्यावर राहिली पाहिजे. या सर्वांस हंगाम वैशाखाचा. शाकारणी तेव्हाच चालते, आणि एकदा मृग लागला की छपरावर कोणी चढत नाही.